खडकाच्या दोन्ही बाजूंना

सप्रेम सलाम. चार वर्षांपूर्वी जुलै महिन्यात घाटाखालच्या आमच्या गावात रात्री दरड आली. पप्पा मागच्या खोलीत झोपले होते, ते गेले. आई आणि माझा भाचा ओटीवर होते, ते वाचले. घराच्या वरच्या अंगाला एक मोठा कातळ होता. चिखलाचा लोंढा त्याच्यावर आपटून दुभंगला आणि ओटीची बाजू तेवढी राहिली. पप्पांचं आवडतं स्तोत्र म्हणजे बायबलमधलं अठरावं. आता कबरेवर दगड बसवायचा आहे आणि भावाला त्यावर ‘परमेश्वर माझा खडक’ एवढंच कोरून घ्यायचं आहे. मला ते शब्द वाचवत नाहीत. मागच्या खोलीत आलेला दगड डोळ्यांसमोर येतो. चर्चच्या मंडळीत ते स्तोत्र सुरू झालं की मी बाहेर जाऊन उभी राहते. मंडळीतल्या एका वयस्कर बाई म्हणाल्या, ‘घर खडकावर बांधलं असतं तर पडलं नसतं, वचनच आहे.’ भाऊ आणि मी तीन महिने बोललेलो नाही. माझा विश्वास गेला का? ज्या डोंगराने बाप नेला, त्याचं नाव देवाला कसं द्यायचं? (नाव छापू नये.)

प्रिय ताई,

तुमचं चार पानांचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वर त्यातला थोडाच भाग छापला आहे. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. आज लिहिते आहे, कारण दगड बसवायची तारीख जवळ येत असेल.

आधी त्या ‘घर खडकावर’चं बघू. तो काटा रुतलेला असताना बाकीचं काही तुम्हाला ऐकू येणार नाही. प्रभू येशूच्या काळात शिलोहाचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसं त्याखाली मेली. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू लोकांना विचारतो, ती अठरा माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही तोच देतो: नाही. पुढे पश्चात्तापाचं जे वाक्य आहे ते समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना आहे. मेलेल्यांचा हिशेब त्याने कुणालाही मांडू दिला नाही. त्या बाईंना हा अध्याय दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या मनाला मात्र आजच दाखवा.

त्या बाईंनी सांगितलं ते वचन येशूच्या दोन घरांच्या दृष्टांतातलं: पुरात खडकावरचं घर टिकतं, वाळूवरचं पडतं. तो दृष्टांतही नीट वाचू या, कारण तो फार स्वस्तात वापरला जातो. यहूदियाच्या रानात वर्षातले बहुतेक महिने ओढे ठणठणीत कोरडे असतात. पात्रातली वाळू सपाट, घर बांधायला सोयीची. पाऊस पडतो तो वर, यरुशलेमकडच्या डोंगरांवर. खाली ऊन असतं, आणि कोरड्या दरीतून पाण्याचा लोट धावत येतो. येशूच्या ऐकणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. लूकने एक जास्तीचा तपशील दिला आहे: पहिल्या माणसाने खोल खणलं आणि पाया खडकावर घातला. आणि मत्तय व लूक या दोन्ही शुभवर्तमानांत पूर दोन्ही घरांवर येतो. खडकावरच्या घराला पाणी लागलंच नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. दृष्टांत आहे तो ऐकलेलं वचन आचरणात आणण्याबद्दल. कुणाचं घर कुठल्या उतारावर होतं याचा पंचनामा करायला तो सांगितलेला नाही. तुम्ही लिहिता की पप्पांनी निवृत्तीनंतर त्या गावातल्या मुलांना अकरा वर्षं फुकट शिकवलं. ऐकणं आणि करणं याबद्दलच बोलायचं असेल, तर त्यांचा पाया पक्का होता.

आता तुमचा प्रश्न, विश्वास गेला का. तुम्ही जे बोलायला घाबरता ते पवित्र शास्त्रात एकाने तुमच्या आधी बोलून ठेवलं आहे. मुलंबाळं, धन, सगळं गमावलेल्या ईयोबाचा चौदावा अध्याय काढा, अठरावं आणि एकोणिसावं वचन. माझ्या शब्दांत सांगते: डोंगर पडतो आणि ढासळून जातो, खडक आपल्या जागेवरून हलतो, पाणी दगड झिजवतं, पुराचे लोंढे जमिनीची माती वाहून नेतात, आणि तसाच तू माणसाच्या आशेचा नाश करतोस. ताई, ही दरडच आहे. पाणी, माती, जागा सोडणारा खडक, सगळं त्यात आहे. आणि ‘तू’ म्हणजे देव. ईयोब हे देवाच्या तोंडावर म्हणतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलत असतात. शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. मंडळीतून उठून बाहेर उभं राहणं ही याच जातीची प्रार्थना आहे, असं मी मानते. तुम्ही बाहेर गेलात, घरी गेला नाहीत.

तुमचा खरा अवघड प्रश्न शेवटचा आहे. डोंगराचं नाव देवाला कसं द्यायचं? याला एका वाक्यात उत्तर नाही. आधी हे स्तोत्र रचणारा दावीद ज्याला खडक म्हणतो तो कसला, ते बघावं लागेल. तो आपल्या सह्याद्रीचा नाही.

काही वर्षांपूर्वी मंडळीच्या यात्रेबरोबर मी एन-गेदीला गेले होते. मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे ठिकाण समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून जास्त खाली आहे. यरुशलेम आहे डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. मधलं सरळ रेषेतलं अंतर आपल्या पुण्याहून लोणावळ्याला जाण्याएवढंही नाही, आणि तेवढ्यात जमीन हजार मीटरहून जास्त खाली कोसळत जाते. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आत. महाबळेश्वराला पाच हजाराच्या वर पडतो, म्हणजे आपण एका जुलैच्या दिवसात बघतो तेवढा पाऊस तिथे अख्ख्या वर्षात पडतो. डोंगर चुनखडीचे, उन्हात भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे. चुनखडीत पाणी मुरत मुरत हजारो वर्षांत आपोआप गुहा तयार होतात. आपल्याकडे कातळ काळा आणि घट्ट. कार्ल्याला किंवा वेरुळला ज्या ‘गुहा’ आपण पाहतो त्या माणसांनी छिन्नीने कोरल्या. तिथे डोंगरच पोकळ आहे. दडायला आलेल्या माणसाला जागा आधीच करून ठेवलेली आहे.

दरीत चढताना एका दगडावर सशाएवढं, बुटक्या कानांचं, बिनशेपटीचं करडं जनावर ऊन खात बसलं होतं. आम्ही दहा पावलांवर गेलो तसं ते शीळ घातल्यासारखं ओरडलं आणि माझ्या तळहाताएवढ्या रुंदीच्या फटीत शिरलं. फटीला हात लावून पाहिलं. बाहेर दगड चटका देत होता, आत ओल्या मडक्यासारखा गार. हिब्रूत त्या प्राण्याचं नाव शाफान. त्याला बीळ खणता येत नाही. नखं जवळजवळ बोथट, पण तळपाय मऊ आणि ओलसर, त्यामुळे उभ्या खडकावर घट्ट चिकटून चालतो. १०४ व्या स्तोत्रात म्हटलं आहे की उंच डोंगर रानबकऱ्यांसाठी आणि खडक शाफानांसाठी आश्रय आहेत. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात हाच प्राणी पुन्हा येतो: दुबळी जात, तरी घर खडकात करते. मला ती ओळ फार जवळची वाटते. शाफान खडक फोडत नाही, खडक उचलत नाही. आधीच असलेल्या फटीत तो शिरतो, एवढंच.

दावीदही तसाच शिरला. त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळताना तो अदुल्लामच्या गुहेत गेला, यरुशलेमच्या नैर्ऋत्येला. तिथे त्याच्याकडे कोण जमलं हे पहिल्या शमुवेलच्या बाविसाव्या अध्यायात लिहिलं आहे: गांजलेले, कर्जबाजारी, मनातून कडवट झालेले, सुमारे चारशे. आईबापांना त्याने मवाबाच्या राजाकडे सुरक्षित ठेवलं, कारण म्हातारी माणसं गुहेत राहू शकत नाहीत. पुढे एन-गेदीला ‘रानबकऱ्यांच्या खडकां’वर शौल तीन हजार माणसं घेऊन त्याला शोधत फिरला. म्हणजे स्तोत्रात जो खडक आहे तो या माणसाने पाठीला लावून रात्री काढलेला खडक आहे. त्याची धार, त्याचा गारवा, त्यातले विंचू, सगळं त्याला माहीत होतं.

अठराव्या स्तोत्राच्या दुसऱ्याच वचनात हिब्रूत खडकासाठी दोन शब्द आहेत. एक ‘सेला’, म्हणजे उभा कडा, भेगा आणि कपारी असलेला. दुसरा ‘त्सूर’, म्हणजे पायाखालचा सलग, हलणार नाही असा खडक. त्याच वचनात ‘मत्सूदा’ येतो. आपल्याकडे त्याला गड किंवा दुर्ग म्हणतात, आणि मराठी कानाला लगेच तटबंदी, दिंडी दरवाजा, तोफा दिसतात. दाविदाच्या मत्सूदाला बहुतेक वेळा भिंतसुद्धा नसे. चढायला अवघड असा डोंगर, एवढाच तो गड. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याचं नाव याच शब्दाच्या कुळातलं.

आपल्या घाटातली दरड मात्र वेगळ्या प्रकारे येते, आणि हे मी तुम्हाला समजूत घालायला सांगत नाही. वरचा मुरूम आणि माती पाऊस पिऊन जड होते. पाणी खाली जातं, खालच्या कातळाला अडतं, आणि वरचा थर त्याच्यावरून सुटतो. येताना तो सुटे धोंडे घेऊन येतो. तुमच्या पप्पांवर आला तो जागा सोडलेला धोंडा. आई आणि भाचा वाचले ते जागेवर राहिलेल्या कातळामुळे. मराठीत दोन्हीला दगड म्हणतात. तुम्ही एकाला बघता, तुमचा भाऊ दुसऱ्याला. दोघंही खोटं बोलत नाही आहात.

म्हणूनच मला तुम्हाला एका जागेबद्दल सांगायचं आहे. पहिल्या शमुवेलच्या तेविसाव्या अध्यायात दावीद मावोनच्या रानात अडकतो. डोंगराच्या एका बाजूने शौल चाललेला, दुसऱ्या बाजूने दावीद आणि त्याची माणसं जीव मुठीत धरून. शौलाचे लोक वेढा घालतच होते, एवढ्यात निरोप्या येतो की शत्रू, म्हणजे पलिष्टी लोक, देशात घुसले आहेत, आणि शौलाला परत फिरावं लागतं. त्या जागेचं नाव पडलं सेला-हम्मालकोथ. कुणी त्याचा अर्थ विभागणीचा खडक असा लावतात, कुणी निसटण्याचा खडक. तो डोंगर दाविदाच्या बाजूचा नव्हता. शौलालाही त्याने तितकीच वाट दिली. एकच खडक मध्ये होता, आणि त्याच्या एका बाजूला मरण होतं, दुसऱ्या बाजूला सुटका. दाविदाने पुढे आयुष्यभर देवाला खडक म्हटलं ते त्या डोंगराला दोन्ही बाजूंनी ओळखून. त्या खडकाचं नाव मी वाचते तेव्हा आता तुमचं घर दिसतं: वरच्या अंगाचा कातळ, इकडे मागची खोली, तिकडे ओटी.

पवित्र शास्त्र डोंगरांविषयी भाबडं नाही. होशेयाच्या दहाव्या अध्यायात लोक डोंगरांना ‘आम्हांला झाका’ आणि टेकड्यांना ‘आमच्यावर पडा’ म्हणतात. वधस्तंभाकडे जाताना येशू यरुशलेमच्या बायकांना हेच शब्द सांगतो, आणि प्रकटीकरणात ते पुन्हा येतात. अदोमाचे लोक कड्यांच्या कपारीत राहून स्वतःला अजिंक्य समजत होते. ओबद्या संदेष्टा त्यांना सांगतो की तुमच्या मनाच्या गर्वाने तुम्हाला फसवलं. खडकात असलेला प्रत्येक जण देवाच्या आसऱ्यात असतोच, असं कुणी संदेष्टा म्हणत नाही.

आणि एलीया संदेष्टा. जिवाच्या भीतीने पळत पळत तो होरेब डोंगरावरच्या गुहेत पोहोचतो. वाटेत एका झाडाखाली पडून त्याने मरण मागितलेलं असतं. तिथे त्याला आधी झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. (तुम्ही जेवता का नीट? पत्रात लिहिलंय की पाऊस वाजायला लागला की रात्रभर बसून असता. जवळच्या डॉक्टरांना हे सांगा. समुपदेशनाची सोय असेल तर तिथेही जा. देवदूताने एलीयाला उपदेशाआधी भाकर दिली होती.) मग गुहेच्या तोंडाशी डोंगर फोडणारा, खडकांचे तुकडे करणारा वारा सुटतो. भूकंप होतो. अग्नी येतो. आणि प्रत्येक वेळी लिहिलं आहे, परमेश्वर त्यात नव्हता. खडक फुटत असताना परमेश्वर त्या फुटण्यात नव्हता. हे मी लिहिलेलं नाही, पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. नंतर अगदी हळू, शांत आवाज आला. मग त्याला विचारलं गेलं, एलीया, तू इथे काय करतोस?

या एलीयाची एक खूण तुमच्या त्या गावापासून फार लांब नाही. अलिबागकडच्या खंडाळ्याला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी लोक, एका खडकावर एलियाहू हनबीच्या, म्हणजे याच एलीयाच्या, रथाची आणि घोड्यांची खूण दाखवतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज नौगावजवळ फुटलं, थोडी माणसं जगली, बाकीच्यांना तिथेच पुरलं. सगळं गमावून किनाऱ्याला लागलेल्या लोकांनी कोकणातल्या एका खडकावर आपला संदेष्टा पाहिला. एकदा जाऊन या. नुसतं उभं राहा, काही म्हणायची सक्ती नाही.

आता पप्पांचं स्तोत्र. लोकांना त्यातलं दुसरं वचन पाठ असतं आणि तिथेच ते थांबतात. स्तोत्र पन्नास वचनांचं आहे. चौथ्या वचनात मरणाच्या दोऱ्या आवळतात आणि नाशाचे लोंढे घाबरवून सोडतात. सातव्यात पृथ्वी हालते आणि डोंगरांचे पाये थरथरतात. ताई, त्याच स्तोत्रात. ज्याने देवाला खडक म्हटलं त्यानेच पाच वचनांनंतर डोंगर मुळापासून हलताना दाखवले आहेत. सहाव्या वचनात तो म्हणतो, मी आपल्या संकटात धावा केला. तिथला हिब्रू शब्द ‘त्सार’, म्हणजे अरुंद, चिंचोळं. आपल्या ‘संकट’ या शब्दाचाही मूळ अर्थ तोच आहे, अरुंद जागा, जिथे श्वास कोंडतो. आणि एकोणिसाव्या वचनात? त्याने मला मोकळ्या जागी बाहेर आणलं. छत्तिसाव्यात तू माझ्या पावलांसाठी जागा रुंद केलीस, माझे पाय घसरले नाहीत.

हे पाहिल्यावर मला वाटतं की पप्पांचं स्तोत्र खडकात राहायला सांगत नाही. दावीद गुहेत मुक्काम करायला गेला नव्हता. खडक त्याला पाय टेकायला आणि रात्र काढायला होता. स्तोत्राची धाव आहे ती चिंचोळ्या जागेतून मोकळ्या जागेकडे. ‘माझा खडक’ म्हणताना तो देव दगडासारखा आहे असं म्हणत नाही. सगळं पायाखालून सरकत असताना एक जागा सरकली नाही, असं म्हणतो. यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की डोंगर ढळतील, टेकड्या हलतील, पण माझी दया तुझ्यापासून ढळणार नाही. डोंगर ढळणार हे तिथे गृहीत आहे. देवाची तुलना डोंगराशी कुठवर न्यायची, याची सीमाच त्याने तिथे आखून दिली.

आणखी एक वचन, यशया बत्तीस, दुसरं. थकलेल्या, कोरड्या भूमीत मोठ्या खडकाची सावली. हे सगळीकडे देवाबद्दल म्हणून गातात. अध्याय उघडून पाहा. तिथे नीतीने राज्य करणारा राजा आणि न्यायाने वागणारे सरदार यांच्याविषयी सांगून झाल्यावर म्हटलं आहे की एकेक माणूस वाऱ्यापासून लपायच्या जागेसारखा आणि वादळात आसऱ्यासारखा होईल. माणूस दुसऱ्या माणसाचा खडक होतो. तुमच्या पत्रात तीन ओळींत येऊन गेलेला एक माणूस आहे, शेजारच्या वाडीचा. रात्री दीडपासून उजाडेपर्यंत तो आईच्या डोक्यावर ताडपत्रीचं टोक धरून उभा होता. त्याचं नाव तुम्हाला आजही माहीत नाही. त्याचा एक हात वर, एक हात भाच्याच्या खांद्यावर. मला विचाराल तर त्या रात्री यशयाचं ते वचन त्या माणसाच्या रूपाने तिथे उभं होतं. त्याचा शोध घ्या. भावाला सोबत घेऊन जा.

भावाविषयी. ‘परमेश्वर माझा खडक’ हे शब्द तो पप्पांना मारलेल्या दगडासाठी कोरत नाही आहे. त्याचा मुलगा ओटीवर होता. त्या कातळाला त्याने हात लावला असेल, कदाचित कुणी बघत नसताना. त्याला ते शब्द दुसऱ्या बाजूने दिसतात, जिथून दावीद निसटला त्या बाजूने. तुम्ही त्याला ‘तुला पप्पांचं काही नाही’ म्हणालात, आणि तो तुम्हाला ‘तुझा विश्वास उरला नाही’ म्हणाला. दोन्ही वाक्यं मागे घ्यायला हवीत. आधी कुणी, याची वाट बघू नका. पत्र तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मी तुम्हाला सांगते. तो लिहिता तर त्याला सांगितलं असतं.

फोनवर नको, भेटून. दोघांनी बसून अठरावं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा, एक वचन त्याने, एक तुम्ही. सातव्या वचनाला थांबावंसं वाटलं तर थांबा. त्याला सेला-हम्मालकोथची गोष्ट सांगा. दगडावर काय कोरायचं ते त्या दिवशी ठरवू नका.

माझं मत विचारलंत म्हणून देते: दुसरं वचन तुम्हाला झेपत नसेल, तर एकोणिसावं घ्या, मोकळ्या जागेचं. ज्यांच्यावर अख्खी खोली आली त्या माणसाच्या डोक्याशी ते शब्द असावेत, असं मला फार वाटतं. स्तोत्र पप्पांचंच राहील. भावाला ‘खडक’ हवाच असेल तर एकसष्टावं स्तोत्र पाहा. तिथे मन खचलेला माणूस पृथ्वीच्या टोकापासून हाक मारतो की माझ्याहून उंच अशा खडकावर मला ने. तो अजून खडकावर पोहोचलेला नाही. ते वाक्य तुम्हाला कदाचित म्हणता येईल. नाहीच म्हणता आलं तर नाव, जन्म, मृत्यू एवढंच कोरा आणि खाली दोन बोटं जागा कोरी सोडा. पाथरवटाला ओळ नंतरही घालता येते, त्याला तसं आधी सांगून ठेवा. वर्षभराने, पाच वर्षांनी, केव्हाही.

स्तोत्र सुरू झालं की बाहेर जाता, जात राहा. पाळकसाहेबांना एकदा कारण सांगून ठेवा, म्हणजे कुणी मागून येऊन उपदेश करणार नाही.

शेवटी एक विचारायचं राहिलं. चार पानांच्या पत्रात आईचा उल्लेख फक्त त्या रात्रीपुरता आहे. दगड त्यांच्या नवऱ्याच्या कबरेवर बसणार आहे. ओटीवर त्या होत्या, मागची खोलीही त्यांचीच होती. पप्पांनी ते स्तोत्र चाळीस वर्षं रोज पहाटे म्हटलं असं तुम्ही लिहिता, म्हणजे ते ऐकलं त्यांनी. त्यांना काय कोरलेलं हवंय, हे तुम्ही दोघांपैकी कुणी विचारलंत का?